ज्या मुलाचा निबंध ऐकून वर्ग हसला आणि ज्याला पुढे कॉलेजनं काढून टाकलं : विद्यार्थी सुभाषचंद्र बोस यांची गोष्ट

शेंगांची टरफलं आणि लोकमान्य टिळक ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला पाठ असते. वर्गात टरफलं पडलेली, गुरुजी चिडलेले आणि एक मुलगा न केलेल्या चुकीची शिक्षा घ्यायला साफ नकार देतो. १ ऑगस्टला शाळाशाळांत ही गोष्ट सांगितली जाते, टाळ्या पडतात आणि पुढचं भाषण सुरू होतं.

बंगालमध्येही अशीच एक वर्गातली गोष्ट आहे. पण ती टरफलांवर थांबत नाही. तिच्यात धक्काबुक्की आहे, संप आहे, सगळ्या पोरांना झालेला दंड आहे, इंग्रज प्राध्यापकाला कॉलेजच्या आवारात पडलेला मार आहे, सरकारी चौकशी समिती आहे आणि शेवटी कॉलेजमधून हाकलून दिलेला १९ वर्षांचा एक मुलगा आहे.

त्या मुलाचं नाव सुभाषचंद्र बोस.

ही गोष्ट बहुतेक वेळा इंग्रजाला चांगला धडा शिकवला एवढीच सांगितली जाते. पण सुभाषबाबूंनी १९३७ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइन या गावी राहून आत्मचरित्र लिहायला घेतलं. ते अपुरंच राहिलं, पण त्यात आपल्या शाळा-कॉलेजच्या दिवसांबद्दल त्यांनी फार मोकळेपणानं लिहिलंय. ते वाचलं की लक्षात येतं, हा प्रश्न एका प्राध्यापकाला पडलेल्या माराचा नाहीच. वर्गात अपमान झाला की त्या रागाचं मुलानं करायचं काय, असा तो प्रश्न आहे. सुभाषच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर वेगळं निघालं.

गोऱ्यांच्या शाळेतला मुलगा

२३ जानेवारी १८९७ ला ओडिशातल्या कटकमध्ये सुभाषचा जन्म झाला. वडील जानकीनाथ बोस शहरातले नावाजलेले वकील, आई प्रभावती. एकूण १४ भावंडं आणि सुभाष नववा. एवढ्या मोठ्या घरात आपण कुणीच नाही असं त्याला लहानपणी वाटायचं. वडिलांचा दरारा होता, आईचंही घरात वजन होतं. आईवडिलांशी मोकळेपणानं बोलावं असं फार वाटायचं, पण ते जमायचं नाही. एकूण पोरगा लाजाळू आणि मनातल्या मनात कुढणारा.

१९०२ साली त्याला बॅप्टिस्ट मिशनच्या शाळेत घातलं. शाळेत जायची हौस इतकी की पहिल्याच दिवशी गाडीत चढायच्या घाईत तो पाय घसरून पडला. डोक्याला पट्टी बांधून त्याला झोपवलं. बाकीची पोरं शाळेला निघाली, गाडीच्या चाकांचा आवाज दूर गेला आणि हा आत पडून राहिला.

ही शाळा मुख्यतः इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. लॅटिन होतं, बायबल होतं, इंग्लंडचा इतिहास-भूगोल होता. भारतीय भाषा एकही नव्हती. शिस्त चांगली होती, शिकवायचेही चांगलं. पण हळूहळू पोरांच्या लक्षात यायला लागलं की भारतीय मुलं कितीही हुशार असली तरी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्यांना बसता येत नाही आणि स्वयंसेवक दलात जाऊन बंदूक धरता येत नाही.

कुणी त्यांना शिवी दिली नव्हती, छडी मारली नव्हती. तरी आपण या वर्गात पाहुणे आहोत हे मुलांना समजत होतं. वर्गातला अपमान म्हटला की आपल्याला आरडाओरडा, टोमणे, मारहाण आठवते. पण नियमांतून मुकाट्यानं होणारा अपमानही असतो आणि मुलांना तो कळतो.

तो निबंध

१९०९ साली सुभाषची शाळा बदलली. तो कटकच्याच रॅव्हेन्शॉ कॉलेजिएट स्कूलमध्ये आला. इथं आपली माणसं होती, आपली भाषा होती. पण नेमकी तिथंच पंचाईत झाली. मिशनच्या शाळेत सात वर्षं काढल्यामुळे इंग्रजीत हा सगळ्यांच्या पुढे, आणि मातृभाषा बंगालीत मात्र जवळजवळ कोरा.

बंगालीच्या तासाला पहिला निबंध लिहायची वेळ आली. विषय साधा, एका जनावराचा. सुभाषला ना धड व्याकरण येत होतं, ना शुद्धलेखन. मास्तरांनी त्याची वही उचलली आणि तो निबंध अख्ख्या वर्गासमोर मोठ्यानं वाचला. नुसता वाचला नाही, मध्ये मध्ये शेरे मारत वाचला. सगळा वर्ग खो खो हसला.

सुभाष त्या वेळी १२ वर्षांचा होता. अभ्यासात कच्चा म्हणून कुणी आपल्याला हसावं हा त्याचा पहिलाच अनुभव. त्यात वय असं की कुणी नुसतं बघितलं तरी आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटावं. पुढे कित्येक महिने बंगालीचा तास आला की त्याच्या अंगावर काटा यायचा.

आपल्यापैकी अनेकांना असा एखादा तास आठवत असेल. फळ्यापुढे उभं केलेलं, उच्चारावरून हसलेलं, पेपर वाटताना मुद्दाम मोठ्यानं वाचलेले मार्क. मास्तर दहा मिनिटांत विसरून जातात, पोरगं पन्नाशीतही विसरत नाही. सुभाषबाबूंनी हे लिहिलं तेव्हा ते ४० वर्षांचे होते आणि दोनच महिन्यांनी काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष होणार होते. तरी तो तास त्यांच्या लक्षात होता.

पण सुभाषनं त्या वेळी काय केलं? त्यानं मास्तरांना उलट उत्तर दिलं नाही. शाळा सोडली नाही. आतल्या आत चरफडत राहिला आणि बंगालीचा अभ्यास सुरू केला. वार्षिक परीक्षेत त्याला बंगालीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.

शेवट गोड झाला म्हणून मास्तरांची पद्धत बरोबर होती असं म्हणायची घाई करू नका. सुभाषकडे घरचा आधार होता, बाकी सगळ्या विषयांत तो पुढे होता, हरायची सवय नव्हती. त्याच वर्गात त्याच्यासारखाच हसू झालेला, पण यातलं काहीच नसलेला एखादा मुलगा असता, तर त्यानं बहुतेक वही मिटून ठेवली असती. असल्या मुलांची आत्मचरित्रं कुणी लिहीत नाही.

छडी न उगारणारे हेडमास्तर

याच शाळेत सुभाषला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा शिक्षक भेटला. हेडमास्तर बेणीमाधव दास.

बेणीमाधव व्हरांड्यातून चालत गेले की वर्ग आपोआप शांत व्हायचा. हातात छडी नसायची, आवाज चढायचा नाही. मार खायच्या भीतीनं गप्प बसणं सुभाषला माहीत होतं. पण एखाद्या माणसाबद्दल आदर वाटतो म्हणून गप्प बसणं म्हणजे काय, हे त्याला इथं पहिल्यांदा कळलं. ते त्याच्या वर्गाला शिकवायला लागले आणि थोड्याच महिन्यांत त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी पोरं रडली. सुभाषनं त्यांच्याशी पुढेही पत्रव्यवहार ठेवला. निसर्गाकडे बघायला, त्यात रमायला त्यांनीच शिकवलं. डोक्यात गोंधळ माजला की नदीकाठी जाऊन बसायची सवय त्याला याच काळात लागली.

(जाता जाता एक माहिती. १९३२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गव्हर्नर स्टॅनली जॅक्सनवर गोळ्या झाडणारी बीणा दास ही याच बेणीमाधव मास्तरांची मुलगी.)

म्हणजे एकाच शाळेत सुभाषनं दोन प्रकारचे वर्ग बघितले. एका वर्गात मास्तर हसवायचे आणि पोरगं लाजेनं मरायचं. दुसऱ्या वर्गात मास्तर नुसते उभे राहायचे आणि पोरं सरळ व्हायची. दोन्हीकडे शांतताच होती, फक्त ती वेगळ्या कारणानं होती. पुढे कॉलेजात जे झालं ते समजून घ्यायचं तर हा फरक ध्यानात ठेवायला लागतो.

कलकत्त्याची हवा

१९१३ साली सुभाष मॅट्रिकला अख्ख्या कलकत्ता विद्यापीठात दुसरा आला आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. बंगालमधलं सगळ्यात मानाचं सरकारी कॉलेज.

अभ्यासापेक्षा त्याच्या डोक्यात त्या वेळी विवेकानंद होते. १९१४ च्या उन्हाळ्यात तर घरी न सांगता तो एका मित्राबरोबर गुरू शोधायला निघाला. हरिद्वार, ऋषिकेश, मथुरा, वृंदावन, काशी, गया अशी भटकंती केली. गुरू काही मिळाला नाही. घरी परत आला आणि विषमज्वरानं अंथरूण धरलं. तो आजारी असतानाच युरोपात पहिलं महायुद्ध सुरू झालं.

कलकत्त्यात आणखी एक गोष्ट रोज दिसायची. ट्राममध्ये समोर भारतीय माणूस बसला असेल तर काही गोरे लोक खुशाल समोरच्या बाकावर पाय टाकायचे. बूट त्या माणसाला लागले तरी पर्वा नाही. भांडण झालं आणि कोर्टात गेलं तर न्याय मिळेल याची खात्री नाही. पण कुणी तिथल्या तिथं हात उगारला की मात्र समोरचा वरमायचा. असं बघत बघत कॉलेजातल्या पोरांच्या मनात एक हिशेब पक्का होत होता. तक्रार करून काही होत नाही, फटका दिला की होतं.

हा हिशेब प्रेसिडेन्सी कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन थांबणार होता.

१० जानेवारी १९१६

झालं असं की, इतिहासाचे इंग्रज प्राध्यापक एडवर्ड फार्ली ओटन यांचा तास चालू होता. बाहेरच्या व्हरांड्यातून सुभाषच्या वर्गातली काही मुलं चालली होती. आवाजाचा त्रास झाला म्हणून ओटन तावातावानं बाहेर आले आणि पुढच्या काही मुलांना त्यांनी जोरात मागं ढकललं.

एक गोष्ट आधीच मान्य करू. शिकवताना बाहेर गलका असेल तर कुठल्याही शिक्षकाचं डोकं फिरतं. ओटन यांना त्रास झाला होता हे खरंच. प्रश्न आहे तो त्यांनी त्या त्रासाचं काय केलं याचा.

सुभाष तेव्हा लायब्ररीत होता. कॉलेजात वर्ग प्रतिनिधींची पद्धत होती आणि तो त्याच्या वर्गाचा प्रतिनिधी होता. त्यानं काय केलं? तो रीतसर प्राचार्य एच. आर. जेम्स यांच्याकडे गेला आणि ओटन सरांनी मुलांची माफी मागावी असं सुचवलं.

प्राचार्यांचं म्हणणं पडलं की ओटन हे इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसचे अधिकारी आहेत, त्यांच्यावर जबरदस्ती करता येणार नाही. शिवाय त्यांनी मुलांना नुसतं दंडाला धरलं होतं, त्यात अपमान कसला?

दुसऱ्या दिवशी सगळं कॉलेज संपावर गेलं. प्रेसिडेन्सीसारख्या सरकारी कॉलेजात संप ही साधी गोष्ट नव्हती. प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे मुलांचे लाडके प्राध्यापक समजवायला आले, तरी कुणी हललं नाही. प्राचार्यांनी गैरहजर असलेल्या सगळ्यांना दंड ठोकला. संप आणखी एक दिवस चालला.

मग ओटन यांनी स्वतः मुलांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं. बोलणं झालं, दोन्ही बाजूंनी विषय सोडून दिला. समेट झाला.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. ज्या दोघांचं भांडण होतं त्यांनी ते मिटवलं होतं. पोरं वर्गात परत आली. आता प्राचार्य दंडही माफ करतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण जेम्स साहेब ऐकेनात. ओटन यांनी सोडून दिलं, पण कॉलेजनं सोडलं नाही. गरीब मुलगा असेल तर सांगा, त्याचा विचार करू, एवढीच सवलत. दंडाची रक्कम किती होती यापेक्षा आपण समेट केला तरी शिक्षा आपल्यालाच, हे पोरांना जास्त झोंबलं.

१५ फेब्रुवारी १९१६

महिनाभर गेला. आणि बातमी आली की ओटन यांनी पहिल्या वर्षाच्या एका मुलावर पुन्हा हात टाकला.

आता करायचं काय? प्राचार्यांकडे जाऊन झालं होतं. संप करून झाला होता, त्याचा दंड भरून झाला होता. समेटही करून झाला होता. पोरांच्या हिशेबानं आता एकच रस्ता उरला होता.

त्याच दिवशी कॉलेजच्या आवारात ओटन यांना काही विद्यार्थ्यांनी घेरलं आणि बेदम मारलं.

सुभाष त्या घोळक्यात होता का? त्यानं स्वतः मारलं का? आत्मचरित्रात सुभाषबाबू सांगतात की आपण ही घटना डोळ्यांनी पाहिली, ओटन यांना जिन्यावरून खाली फेकलं ही बातमी खोटी आहे आणि सगळे मागून तुटून पडले असंही नाही. मारणारे कोण होते, हे ते सांगत नाहीत. कॉलेजच्या शिपायानं मात्र ज्यांची नावं घेतली त्यात अनंगमोहन दाम आणि सुभाष बोस ही दोन नावं होती.

इथून पुढचा प्रकार बघण्यासारखा आहे, कारण आता संताप फक्त पोरांपुरता राहिला नव्हता. सरकारनं कॉलेज बंद ठेवायचा आदेश काढला आणि चौकशी समिती नेमली. हे आपल्याला न विचारता केलं म्हणून प्राचार्य जेम्स भडकले. ते थेट शिक्षण खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे गेले आणि त्याच्याशी इतकं कडक बोलले की सरकारनं जेम्स यांनाच निलंबित केलं. मुलांनी राग आवरावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्या प्राचार्यांना स्वतःचा राग आवरला नव्हता.

पण खुर्ची जाण्याआधी त्यांनी काळ्या यादीतल्या मुलांना बोलावून घेतलं. त्यात सुभाष होता. कॉलेजातला सगळ्यात जास्त डोकेदुखी ठरलेला माणूस तूच, असं त्याला सुनावलं आणि निलंबित केलं. सुभाषनं त्यांचे आभार मानले आणि घरी गेला. व्यवस्थापनानं पुढे त्याला कॉलेजातून काढूनच टाकलं.

समितीसमोर एकच प्रश्न

चौकशी समितीचे अध्यक्ष होते सर आशुतोष मुखर्जी. हायकोर्टाचे न्यायाधीश, विद्यापीठाचे माजी कुलगुरू. मुलांना वाटलं, आता तरी ऐकून घेतील.

विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांत सुभाष होता. त्याला सरळ विचारण्यात आलं की ओटन यांच्यावरचा हल्ला तुला समर्थनीय वाटतो का.

नाही म्हटलं असतं आणि हल्ल्याचा निषेध केला असता, तर कदाचित तो सुटला असता. हितचिंतकांचं नंतर तेच म्हणणं होतं. पण सुभाषनं अर्धवट उत्तर दिलं नाही. हल्ला समर्थनीय नव्हता हे त्यानं मान्य केलं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की मुलांना फार डिवचलं गेलं होतं. मग गेल्या काही वर्षांत कॉलेजात गोऱ्या प्राध्यापकांनी काय काय केलं, ते त्यानं एकेक करत समितीपुढे ठेवलं.

१९ वर्षांच्या मुलाच्या मानानं हे उत्तर किती अवघड होतं ते बघा. आपल्या बाजूची चूक मान्य करायची, पण समोरच्याची चूक विसरायची नाही. रागाच्या भरात माणूस यातलं एकच करू शकतो. दोन्ही एकत्र करायला राग ताब्यात लागतो.

समितीच्या अहवालात मुलांच्या बाजूनं चांगला शब्द आला नाही. विद्यार्थ्यांमध्ये नाव घेऊन उल्लेख झाला तो फक्त सुभाषचा. विद्यापीठानंही दार बंद केलं. १९१६ च्या मार्चअखेर घरच्यांनी त्याला कटकला परत पाठवलं. पुन्हा कधी शिकता येईल की नाही, याचा काही भरवसा नव्हता.

कटकमधला तो काळ

अशा वेळी घरी काय होतं यावर पोराचं पुढचं आयुष्य ठरतं.

मॅट्रिकला विद्यापीठात दुसरा आलेला मुलगा प्राध्यापकाला मारल्याच्या आरोपावरून कॉलेजातून काढला गेलाय. वडील सरकारदरबारी वजन असलेले वकील. पण जानकीनाथांनी त्याला कॉलेजात काय झालं हे एकदाही खोदून विचारलं नाही. कलकत्त्यातल्या भावांनी तर त्यानं योग्यच केलं असं मानलं. ज्या घरात आपण कुणीच नाही असं त्याला लहानपणी वाटायचं, त्याच घरानं त्याला या वेळी सांभाळून घेतलं.

सुभाष नुसता बसून राहिला नाही. कटकच्या इस्पितळात कॉलऱ्याच्या रोग्यांची शुश्रूषा करायला प्रशिक्षित माणसं नव्हती. तो मित्रांबरोबर तिथं जायला लागला. देवीच्या साथीतही त्यानं सेवा केली. मधल्या काळात त्यानं सैन्यात भरती व्हायचाही प्रयत्न केला. ४९ व्या बंगाली पलटणीसाठी गेला, पण नजर कमजोर म्हणून नाकारला गेला.

१९१७ च्या जुलैत शेवटी विद्यापीठानं परवानगी दिली आणि त्याला स्कॉटिश चर्च कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. तिथले प्राचार्य डॉ. अर्कहार्ट हेही परदेशीच, पण मुलांशी समजुतीनं वागणारे. सुभाष तत्त्वज्ञान शिकला आणि १९१९ साली बी.ए.ला पहिल्या वर्गात, विद्यापीठात दुसऱ्या क्रमांकानं पास झाला.

मधे एक मजेशीर प्रकरण आहे. याच काळात तो विद्यापीठाच्या लष्करी तुकडीत दाखल झाला. छावणीत त्यांना शिकवायला कॅप्टन ग्रे नावाचे अधिकारी होते. साध्या शिपायापासून वर चढलेले, तोंडानं फटकळ. ओरडायचे, झापायचे. ओटन यांच्याशी भांडलेल्या पोरानं इथं तर पेटूनच उठायला हवं होतं. पण सगळ्या मुलांना ग्रे आवडायचे. कारण या माणसाच्या मनात आपल्याबद्दल वाईट काही नाही, हे त्यांना कळत होतं. नुसत्या कडक आवाजानं पोरांचा अपमान होत नाही. आपल्याला कमी लेखलं जातंय हे कळलं की होतो.

त्यानंतरचा राग

पुढचं आयुष्य आपल्याला माहीत आहे. १९१९ च्या सप्टेंबरात सुभाष इंग्लंडला निघाला, १९२० मध्ये आय.सी.एस. परीक्षेत चौथा आला. आणि मग जवळपास सात महिने त्यानं विचार केला. मोठे भाऊ शरदबाबूंना पत्रांवर पत्रं लिहिली, दोन्ही बाजू मांडल्या, आणि एप्रिल १९२१ मध्ये राजीनामा दिला. १९१६ साली प्राचार्यांच्या खोलीतून एका मिनिटात बाहेर पडलेला मुलगा आता आयुष्यातला सगळ्यात मोठा नकार द्यायला सात महिने घेत होता.

मग तुरुंगवास सुरू झाले. १९२५ ते १९२७ या काळात ते मंडालेच्या तुरुंगात होते, जिथं आधी टिळकांनी शिक्षा भोगली होती. १९३८ मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद, १९४१ मध्ये नजरकैदेतून निसटणं, मग आझाद हिंद सेना आणि १८ ऑगस्ट १९४५ चा तैपेईचा विमान अपघात, ज्यावर आजही वाद घातले जातात.

मागं वळून बघताना सुभाषबाबूंना स्वतःला वाटायचं की प्राचार्य जेम्स यांनी त्यांना कॉलेजातून काढलं खरं, पण पुढचा रस्ताही नकळत दाखवून दिला. पुढारीपण करायचं तर किंमत मोजावी लागते, हे त्यांना तिथं कळलं.

मग यातून आपण काय घ्यायचं?

वर्गातल्या उद्धटपणावर हल्ली खूप बोललं जातं. पोरं ऐकत नाहीत, तास चालू असताना मोबाइल बघतात, शिक्षकांचे मीम करतात, तोंडावर उत्तरं देतात. त्यावर नेहमीचा सल्ला असतो की मुलांना राग आवरायला शिकवा.

पण आवरायला म्हणजे काय? भावनांच्या नियमनावर काम करणारे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी यात एक महत्त्वाचा फरक दाखवलाय. राग आला आणि तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही, हे झालं दाबणं. यानं बाहेरून माणूस शांत दिसतो, पण आतला राग कमी होत नाही, उलट चेहरा सांभाळण्यातच इतकी शक्ती जाते की समोर काय चाललंय तेही नीट लक्षात राहत नाही. दुसरा मार्ग म्हणजे झालेल्या गोष्टीचा अर्थ नव्यानं लावणं. निबंधावर वर्ग हसला, तेव्हा मी नालायक आहे असं न म्हणता मला ही भाषा अजून यायची आहे असं म्हणणं. १२ वर्षांच्या सुभाषच्या वागण्याकडे बघितलं, तर त्यानं शेवटी हेच केलेलं दिसतं.

आणखी एक गोष्ट. लीन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन या संशोधकांनी १९९९ साली ऑफिसांबद्दल लिहिताना दाखवलं की उद्धटपणा एका जागी थांबत नाही. एकानं टोमणा मारला की दुसरा जरा मोठा मारतो, मग पहिला आणखी मोठा, आणि बघता बघता प्रकरण हातघाईवर येतं. प्रेसिडेन्सी कॉलेजात याच पायऱ्या दिसतात. धक्का, संप, दंड, पुन्हा धक्का, मग मार. यात समेटाची पायरीही होती, पण दंड कायम ठेवून कॉलेजनं ती काढून टाकली.

म्हणून मुलांना राग सांभाळायला शिकवायचं असेल, तर त्याबरोबर दोन गोष्टी लागतात. पहिली, मोठ्यांनी आपला राग सांभाळून दाखवणं. आणि दुसरी, तक्रार घेऊन जायला खरोखर उघडं असलेलं दार. आज कागदावर तरी ही दारं आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हीवर बंदी आहे. कॉलेजांसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असायला हवेत. आपल्या कॉलेजात ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येईल, हा वेगळा प्रश्न.

ओटन यांना झालेली मारहाण चूक होती. हे सुभाषनं स्वतः समितीपुढे मान्य केलं होतं, त्यामुळे ते मान्य करायला आपल्यालाही जड जायचं कारण नाही. पण माफी मागा असं आधी रीतसर सांगायला गेलेला मुलगाही तोच होता. त्या पहिल्या दिवशी प्राचार्यांनी ओटन यांना बोलावून दोन शब्द सांगितले असते, तर फेब्रुवारीतला तो दिवस कदाचित आलाच नसता.

एडवर्ड ओटन यांच्याबद्दल सांगायचं राहिलं. ते पुढे बंगालच्या शिक्षण खात्याचे संचालक झाले, निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि खूप वर्षं जगले. सुभाषबाबूंच्या मृत्यूची बातमी आल्यावर त्यांनी एक कविता लिहिली. एकेकाळी या माणसाच्या हातून आपल्याला जे सोसावं लागलं ते विसरून जावं, असा त्या कवितेचा भाव आहे आणि सुभाषबाबूंच्या देशभक्तीबद्दल तिच्यात आदर आहे.

कॉलेजनं दंड माफ केला नाही, समितीनं सुभाषला माफ केलं नाही. ज्यानं मार खाल्ला होता त्यानं मात्र जवळजवळ ३० वर्षांनी हा विषय आपल्या बाजूनं मिटवला.